वरचं पाणी

"हात खोल घालू नकोस गं. वरचं वर भर, हळूच. गोडं पाणी वर तरंगतं, खाली समुद्र निजलाय. त्याला उठवू नकोस."

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने सुनेला विहिरीवर हे सांगितलं होतं. विहीर कसली, वाळूतला पुरुषभर खड्डा. पण खाडीच्या त्या बाजूला गोडं पाणी तेवढंच. पुढे गलबतातून परके उतरले, कोरडे ओठ दाखवू लागले, तेव्हा सुनेनेच त्यांना तिथे नेलं. पाहुण्याला पाणी द्यावं, ते कसं भरायचं हे शिकवायला जाऊ नये, असं तिला वाटलं. खाली समुद्र निजलाय हे तिने सांगितलं नाही.

परके पाणी पिऊन गेले नाहीत, राहिले. आधी तंबू, मग वखार, मग वखारीभोवती भिंत. भिंतीआड शहर वाढत गेलं आणि जुनी वस्ती खाडीपलीकडच्या चिखलात येऊन पडली. शहराला पाणी पुरेना, म्हणून त्यांनी विहीर खोल खणली, रहाट लावून उपसली, आणि समुद्र वर आला. मासळी विकायला आत गेलेल्या सुनेने ते पाणी ओंजळभर चाखलं होतं. खारट. घरी म्हाताऱ्या सासूला मात्र कुणी कळू दिलं नाही.

आता म्हातारी अंथरुणाला खिळली होती. तोंडाशी धरलेलं भांडं तिने हाताने दूर लोटलं.

"हे ओढ्याचं. मला माझ्या विहिरीचं हवं."

"आई, मध्ये भिंत आहे," मुलगा म्हणाला.

"तूच रचलीस ना दगड वाहून? मेल्या, आईपुरतं दार ठेवायचं सुचलं नाही?"

तो हसला, आणि हसता हसताच डोळे पुसत बाहेर आला. बायकोला हळूच म्हणाला, "ओढ्याचंच दे दुसऱ्या तांब्यातून. विहिरीचं म्हणून सांग. तिला काय कळतंय आता?"

"कळतं हो. जीभ शाबूत आहे त्यांची, आत्ताच ऐकलीत ना?"

"आणि विहिरीचं आणलंस नि खारं लागलं म्हणजे?"

ती आत गेली. म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"आणशील ना पोरी? घोटभरच."

"आणते, आई."

रहाट फिरायच्या आधी पोचायचं म्हणून उजाडताच तिने तांब्या घासला, मासळीच्या टोपलीत ठेवला, वर ओलं फडकं टाकलं. नवरा होडी सोडायला पुढे गेला. तिने देवाचं नाव घेतलं आणि समुद्र अजून निजलेलाच असावा तशी, पायांचा आवाज न करता खाडीकडे उतरली.