एका झाकणाची कैफियत

मित्रांनो, या महानगराचा सारा डोलारा गेली चाळीस वर्षं ज्याने एकट्याने आपल्या छातीवर पेलला आहे, तो मी! मी एक जुनं, गोल, गटाराचं झाकण आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. लालभडक रस होतो तेव्हा माझा फार दिमाख होता. थंड झाल्यावर कळलं की आपल्याला रस्त्यात आडवं पडायचं आहे. पुढे एका अरुंद गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानासमोर माझी नेमणूक झाली. ट्रक अंगावरून गेले, तरी मी कुरकुर केली नाही. फक्त खडखड केली.

दुकानात दोन भावंडं काम करायची. भाऊ बेतायचा आणि शिवायचा. थोरली बहीण काजबटणं करायची. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची आणि टरकून असायची.

गल्ली सखल होती. पाणी तुंबलं की दुकानदार पहार घालून मला उचलत. मला इथे बसवताना सफाईच्या मुकादमाने एक नियम घालून दिला होता, "झाकण उघडलं, की एक माणूस भोकापाशी उभा. घर वाहून गेलं तरी त्याने हलायचं नाही." हा नियम गल्लीने चाळीस वर्षं पाळला. एक मिनिट सोडून.

ती मे महिन्यातली दुपार होती. शाळेच्या गणवेशाचे दोनशे सदरे शिवून जमिनीवर गठ्ठ्यांत पडले होते. बटणं संपली म्हणून ताई छत्री घेऊन बाहेर पडली.

"ढग बघ कसे आलेत. गठ्ठे वरच्या फळीवर टाक."

"मे महिना आहे, ताई. ढग नुसते बघायला आलेत."

"तूही दुकानात नुसता बघायलाच येतोस," ताई म्हणाली आणि गेली.

अर्ध्या तासात आभाळ फाटलं. पत्रे उडाले, तारा तुटल्या, गल्लीची नदी झाली. पाणी पायरीला लागताच शिंपी आणि शेजारचा इस्त्रीवाला पहार घेऊन धावले. त्यांनी मला उचलून बाजूला लोटलं. शिंपी नियमाप्रमाणे भोकापाशी उभा राहिला. पाणी गरगरत आत जाऊ लागलं. तेवढ्यात इस्त्रीवाला दुकानातून ओरडला, "अरे, पाणी गठ्ठ्यांपाशी आलं! एकट्याला उचलवत नाहीत!"

शिंप्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खूण म्हणून भोकात लांब दांड्याचा झाडू उभा केला, त्याला लाल चिंधी बांधली आणि तो आत धावला. एकच मिनिट!

झाडू पाण्याने अर्ध्या मिनिटात गिळला. मी दोन हातांवर पाण्याखाली आडवा होतो. मला सगळं कळत होतं, आणि माझ्याच्याने तसूभरही हलवत नव्हतं. जड असणं हाच माझा आयुष्यभराचा गुण होता.

पलीकडून ताई आली. भाऊ गठ्ठे उचलताना दिसला, तशी ती लगबगीने सरळ निघाली. गल्ली तिच्या पायाखालची होती.

"सगळे वाचले!" शिंपी दारात येऊन ओरडला. "एकही भिजला नाही!"

तेव्हा एक उघडी छत्री तरंगत आली आणि पायरीला लागली.

ताई दुसऱ्या दिवशी सापडली. नाला जिथे उघडा होतो, तिथे. बटणांची पुडी पदराच्या गाठीत तशीच होती.

नंतर चौकशी समिती आली. चार साहेबांनी मला टेपने मोजलं, माझ्यासोबत फोटो काढले आणि अहवालात लिहिलं, "झाकण सुस्थितीत आढळले." चाळीस वर्षांत माझी झालेली ही पहिली स्तुती. सदरे शाळेत गेले. मुलांना अगदी मापात बसले म्हणे.

आता आभाळात पंज्याएवढा ढग आला, तरी शिंपी मशीन थांबवतो, स्टूल आणतो आणि माझ्यावर येऊन बसतो.

"अरे, झाकण बंद आहे," इस्त्रीवाला म्हणतो. "आत ये."

"कुणीतरी उभं राहायला हवं होतं रे."

"मग बसलायस का?"

"गुडघे दुखतात."

मग इस्त्रीवालाच बाहेर येतो. तो त्याच्यावर छत्री धरून उभा राहतो. पाऊस नसला तरी.

मित्रांनो, मला उचलाल तेव्हा आधी ठरवा, उभं कोण राहणार. कुणीच नसेल, तर मला हात लावू नका. कपडे भिजू द्या. कपडे वाळतात.

आणि हो, या गल्लीतून कुणी जाणार असाल, तर एखादा कागद चार घड्या घालून आणा. स्टुलाचा एक पाय माझ्या पहारीच्या खाचेत जातो, आणि शिंपी सारखा डुगडुगतो.