नवव्या रकान्यातली खूण

१९७९ सालच्या मे महिन्यात सरकारी विमा कंपनीने बत्तीस अधिकाऱ्यांची भरती काढली. एक जूनला उमेदवाराची अठ्ठावीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत, अशी अट होती. माझी ती सोळा जूनला पूर्ण होत होती. आयुष्याने माझ्यासाठी पंधरा दिवसांची फट ठेवली होती, आणि तीतून अंग चोरून आत शिरणे एवढेच माझ्या हाती होते. अंग चोरण्याचा मला लहानपणापासून सराव होता.

वडगावातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत देवाच्या नैवेद्याला उशीर झालेला चाले. वाचनालयात पेपर यायला झालेला चालत नसे. आईने जाहिरातीचे कात्रण गणपतीच्या तसबिरीच्या चौकटीत खोचले. तिथे आधीची सात कात्रणे होतीच. गणपतीने आठवेही वाचले असावे, कारण त्याच्या चेहऱ्यावर मला कसलीही आशा दिसली नाही.

देवाने मला वाचा देताना हात आखडता घेतला आणि उरलेले सगळे अक्षरात ओतले. त्यामुळे गल्लीतल्या साऱ्या सुशिक्षित बेकारांचे अर्ज मीच लिहीत असे. त्या रविवारी वाचनालयाच्या बाकावर पाचजण ओळीने बसले होते आणि मी त्यांची नावे, गावे, टक्केवारी, छंद असे एकेक आयुष्य कोऱ्या फुलस्केपवर सुबक उतरवीत होतो. सर्वांत पुढे भरमू. भरमूचे तोंड आणि गल्लीतला यंत्रमाग यांत फरक एवढाच, की वीज गेली की यंत्रमाग बंद पडे.

"छंद काय लिहू?" मी विचारले.

"नोकरी शोधणे," भरमू म्हणाला. "दुसरं काय केलंय रं जल्मात?"

मी 'वाचन' असे लिहिले.

नववा रकाना होता शरीरावरील ओळखीच्या खुणेचा. तिथे मला कुणालाच काही विचारावे लागले नाही. आमचे हातमाग खड्ड्यातले. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीशी बसतो. दोरीच्या झटक्यासरशी धोटा ताण्याच्या उभ्या सुतांतून या टोकाचा त्या टोकाला धावतो. आडवे सूत पोटात घेऊन पळणारा तो लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. कधी हात चुकतो आणि धोटा मागाबाहेर उडतो. तो ज्या उंचीवरून उडतो, त्याच उंचीवर घरातल्या रांगत्या पोराचे कपाळ असते. बेळगावच्या खडेबाजारात एखाद्याच्या भुवईवर कापल्याची रेघ दिसली, की हा वडगावचा किंवा शहापूरचा, हे दुकानदार न विचारता ओळखतात. पाचही अर्जांत मी लिहिले: 'उजव्या भुवईच्या वर, धोटा लागल्याचा व्रण.' मग सहावा, माझा अर्ज लिहिला, आणि सगळे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून दिले.

जुलैत हुबळीला लेखी परीक्षा झाली. ऑगस्टच्या शेवटी मुलाखतीची पत्रे आली: एक मला, एक भरमूला. भरमू आपले पत्र घेऊन आमच्या घरी आला आणि कवायतीच्या मास्तरासारखा मोठ्याने वाचू लागला. परीक्षेला काही ठिकाणी तोतये बसल्याचे आढळले होते. म्हणून मुलाखतीच्या वेळी नवव्या रकान्यातली खूण प्रत्यक्ष तपासली जाईल. अर्जातला कोणताही तपशील आता बदलून मिळणार नाही. खोटा तपशील आढळल्यास उमेदवारी रद्द.

"आपलं काय भ्या हाय?" त्याने भुवई वर केली. "देवानं शिक्का मारूनच धाडलंय."

मी कपाळाला हात लावला. तिथे काहीच नव्हते. पाच जणांचे कपाळ लिहून झाल्यावर सहाव्यांदा माझ्या लेखणीने मला न विचारता तेच वाक्य लिहिले होते. दुसऱ्यांची आयुष्ये लिहिता लिहिता मी माझ्याच अर्जात दुसरा कुणी होऊन बसलो होतो. तसा मी बसतोच, म्हणा. पण ते आजवर कुणी तपासायला आले नव्हते.

भरमू माझ्या जवळ आला, आणि माझे कपाळ उजेडाकडे वळवून त्याने पाहिले.

"आयला, जोत्या! तुझं तर टक्कुरं कोरं हाय की रं!"

कोरे असण्याचे कारण सगळ्या वडगावाला ठाऊक होते. माझे वडील यल्लाप्पा, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, चाळीस वर्षे मागावर बसत होते आणि त्यांच्या मागावरून धोटा कधी सुटला नव्हता. खासबागेतले विणकर नव्या पोराला शिकवताना त्यांचे नाव घेत. आम्ही श्रीमंत नव्हतो, देखणे नव्हतो, कुणा बड्याच्या ओळखीत नव्हतो. आमच्या घराण्याजवळ मिरवण्यासारखे एवढेच होते, की आमच्या घरात कुणाचे डोके फुटले नाही.

"अजून धा दीस हाईत," भरमूने हिशेब मांडला. "आज फुटलं तर तवर खपली धरतीया. खूण ती खूण. ती जुनी का नवी, कोन इचारतंय?"

"तुझ्या जिभंला खपली धरू दे," आई म्हणाली. ती भिंतीशी बसून रहाटावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. "पोराचं टक्कुरं फोडून सायब करायचा व्हय?"

आप्पा मागाच्या खड्ड्यात बसून हे ऐकत होते. त्यांनी पंच्याने मान पुसली आणि मागाच्या उजव्या अंगाच्या जमिनीकडे बोट केले.

"ये. बस हितं. डोकं खाली घे."

मी बसलो. वयाची अठ्ठावीस वर्षे उलटल्यावर रांगत्या पोराच्या उंचीवर कपाळ नेणे ही कसरतच होती. आप्पांनी दोरीला झटका दिला. धोटा ताण्यातून धावला आणि टोकाच्या पेटीत जाऊन बसला. पुन्हा झटका. पुन्हा पेटीत. दहा वेळा, वीस वेळा. माझ्या डोळ्यांसमोरून तो विटेएवढ्या अंतरावरून जात होता, आणि प्रत्येक वेळी मला भीतीही वाटे आणि निराशाही होई.

"आप्पा, वाईच वाकडं हाणा की," भरमू म्हणाला.

"वाकडं हाणायला कुणी शिकीवलं न्हाय मला."

"मग डोळं मिटून हाणा."

आप्पांनी डोळे मिटले. धोटा पेटीत गेला. भरमूने कपाळावर हात मारला. त्याचे कपाळ ते सोसायला सरावलेले होते. तासाभरात माझ्या भुवईला ओरखडाही उठला नाही. हिरव्या साडीचा वीतभर पदर मात्र विणून झाला.

शेवटी आप्पांनी दोरी सोडली. "हात ऐकंना," ते पुटपुटले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिथं सांग, ल्हानपनी लागलाता, आता वण बुजला. बापाचा हात चुकला म्हन. माझं काय जातंय?"

रहाट थांबला. आईने आप्पांकडे एकदा पाहिले, ओठ दाबले आणि पुन्हा कांडी भरायला घेतली. मला वाटले, तिला रडू आवरत नाही.

हुबळीला जाताना गाडीत भरमू विम्याचे प्रकार पाठ करीत होता: आग, सागर, मोटार, गुरेढोरे. मी खिडकीतून माळ पाहत होतो आणि आप्पांचे वाक्य जिभेवर घोळवून बघत होतो: माझ्या बापाचा हात चुकला. चारच शब्द. पण ते घशाशी आले, की मला आमची सगळी गल्ली दिसे आणि प्रत्येक दारातले कपाळ माझ्याकडे वळून पाही.

मुलाखतीच्या खोलीबाहेर देवाप्पा नावाचा शिपाई खुणा तपासायला उभा होता. डोळ्यांवर जाड भिंगे, हातात उमेदवारांची यादी. त्याने भरमूच्या भुवईवर अंगठा फिरवला आणि आत वळून कानडीत आवाज दिला, "इदे, सर!" आहे. भरमू छाती काढून आत गेला आणि वीस मिनिटांनी घामाघूम होऊन बाहेर आला. माझ्या कपाळावर देवाप्पाने आधी उजवीकडे, मग डावीकडे अंगठा फिरवला; चष्मा काढून पुन्हा पाहिले; मग सहानुभूतीने मान हलवली.

"इल्ला, सर." नाही.

आत दोन साहेब होते. एक अध्यक्ष, गुबगुबीत, सुपारी चघळणारे. शेजारचे काटकुळे, नियमांच्या पुस्तकावर तळहात ठेवून बसलेले, जणू वारा ते उडवून नेईल.

"धोटा लागल्याचा व्रण," अध्यक्षांनी माझा अर्ज वाचला. "कुठं आहे तो?"

मी चार शब्द जुळवले. तोंड उघडले. आणि बाहेर भलतेच आले.

"नाही, साहेब. धोटा लागलाच नाही. माझ्या वडिलांच्या मागावरून तो कधी सुटत नाही. मी दुसऱ्यांचे पाच अर्ज लिहिले आणि त्या भरात माझ्या अर्जातही तेच लिहिले."

एका दमात मी एवढे बोललो होतो. आयुष्यात त्याआधी इतके सलग मी फक्त एकदा बोललो होतो, शाळेत प्रतिज्ञा म्हणताना.

अध्यक्षांची सुपारी गालात थांबली. मग त्यांचे पोट हलू लागले. "बावीस वर्षं विम्यात आहे मी," ते हसत म्हणाले. "न झालेले अपघात झाले म्हणून सांगणारे रोज भेटतात. झाला म्हणून लिहून दिलेला अपघात झालाच नाही म्हणून सांगणारा पहिलाच भेटला."

"खोटा तपशील आहे," काटकुळे साहेब म्हणाले. "उमेदवारी रद्द."

"चूक आहे ती. खोटं नाही," अध्यक्ष म्हणाले.

"पुरावा काय?"

दोघे माझ्या डोक्यावरून बराच वेळ भांडले. मी खुर्चीच्या कडेवर बसून माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नितळ कपाळाची चर्चा ऐकत होतो. अखेर तोडगा निघाला: आठ दिवसांत वडिलांचे प्रतिज्ञापत्र पाठवायचे. मुलास धोटा लागलेला नाही, हे विणकराने स्वतः शपथेवर लिहून द्यायचे. ते आले नाही, तर अर्ज रद्द.

घरी आल्यावर मी सगळे सांगितले. "येड्या, एवढं एक लबाड बोलता आलं न्हाय व्हय रं तुला!" आप्पा करवादले, पण दुसऱ्या दिवशी धुतलेले धोतर नेसून बेळगावच्या कोर्टाकडे निघाले. कोर्ट आतून कसे दिसते ते पाहायचे म्हणून आईही आली. तिने नवी साडी नेसली होती.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली मारुतीराव वकिलांचे टेबल होते. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, टंकलेखकाला मजकूर सांगितला आणि तयार कागद आप्पांना वाचून दाखवला: "मी, यल्लाप्पा, शपथेवर लिहून देतो की, गेल्या चाळीस वर्षांत माझ्या मागावरून धोटा एकदाही सुटलेला नाही, सबब तो माझ्या मुलास लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. करा सही."

आप्पांनी टाक घेतला. कागदावर नेला. तिथेच धरून ठेवला.

"ह्ये खोडा," ते म्हणाले.

"काय खोडू?"

"एकदाही न्हाय, त्ये."

मी आप्पांकडे पाहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"सुटलाता," ते हळू म्हणाले. "एक डाव."

मागून खुदकन आवाज आला. आईने पदर तोंडाशी धरला होता. "सांगा की मग, कुनाला लागला त्यो," ती म्हणाली. "आनि ध्यान कुठं हुतं तुमचं, ते बी सांगा वकीलसायबास्नी."

"गप बस गं."

"लगीन हून म्हैना झालाता," आई सरळ वकिलांनाच सांगू लागली. "मी म्होरं बसून कांड्या भरत हुते. ह्येंचं ध्यान मागावर कशाला असतंय? आला की सूं करून! हितं, खांद्यावर." तिने खांद्यावरून पदर जरा सरकवला आणि लगेच सावरला. "तीस वर्सं कुनाला बोलले न्हाय. मानसाचं नाव मोठं झालं, मग कशाला बोला?"

टंकलेखकाने मान खाली घातली होती, पण त्याचे खांदे हलत होते. मारुतीराव गंभीरपणे खोकले.

"हे बघा, यल्लाप्पा, याची काही गरज नाही. मुलाला लागला नाही, एवढंच लिहू."

"न्हाय," आप्पा म्हणाले. "तिकडं तोंडानं लबाड बोलायला माझी ना न्हवती. पर ह्यो कागुद हाय. सरकारात जानार. लिवायचं तर समदं लिवा."

आणि तसेच लिहिले गेले. माझ्या आईवडिलांच्या संसाराचा पहिला महिना सरकारी मुद्रांकावर, एक ओळ सोडून एक, अशा मोकळ्या टंकात उतरला: धोटा एकदा सुटला, तो पत्नी गंगव्वा हिच्या डाव्या खांद्यास लागला, त्या वेळी प्रस्तुत मुलगा जन्मास आलेला नव्हता. आप्पांनी खाली सही केली. येताना ते आईच्या चार पावले पुढे चालत होते आणि आई त्यांना मुद्दाम गाठत नव्हती. मी दोघांच्या मध्ये चाललो होतो. मी ज्या घरात वाढलो, तिथे माझ्या आधी काही घडले असेल, असे मला त्या दिवसापर्यंत वाटलेच नव्हते. आणि मला कधी कुणाकडे पाहताना हात चुकण्याइतके भान हरपलेले आठवेना.

डिसेंबरात नेमणुकीचे पत्र आले. भरमूला आले नाही. मुलाखतीत त्याने गुराढोरांच्या विम्यावर अध्यक्षांनाच वीस मिनिटे शिकवले होते, हे त्याने मला उशिरा सांगितले. तो पेढे मात्र स्वतःच वाटत फिरला. आप्पांच्या हाताविषयी मी गल्लीत कुणाला काही बोललो नाही.

मला गुलबर्ग्याची शाखा मिळाली. पहिल्या दिवशी मी दारात अंग चोरून उभा राहिलो, तेव्हा आस्थापनेचे वृद्ध कारकून माझी फाईल उघडून बसले होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र शेवटपर्यंत वाचले, परत पहिल्यापासून वाचले, चष्मा वर केला आणि अगदी आस्थेने विचारले, "आता आईंचा खांदा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दाखवली.