चौथा फोन

अमेरिकेतल्या एरी सरोवरात मी बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होतो. तिथं मी एकदा एवढा मोठा स्टर्जन मासा पकडला, की तो डेकवर घेतल्यावर सरोवराचं पाणी दोन इंच उतरलं आणि टोलेडोच्या बंदरात तीन जहाजं चिखलात रुतली. मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात. त्यात कुणाचं नुकसान नाही. पण आता जे सांगतो आहे त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे आणि त्यापायी आमचं घर गेलं.

मी ॲम्ब्रोस टगल. वय शहात्तर. बायको व्हर्नेल, तिचं हृदय कमजोर. तिसऱ्या मजल्यावर आम्ही एकतीस वर्षं भाड्यानं राहत होतो. आमच्या शहराचा एक नियम आहे. एका वर्षात एखाद्या घरातून पोलिसांना किंवा ॲम्ब्युलन्सला तीनपेक्षा जास्त फोन गेले, तर ते घर ‘उपद्रवी’ ठरतं आणि मालकाला भाडेकरू काढावे लागतात. म्हणजे तिसऱ्या झटक्यानंतर माणसानं शिस्तीत मरावं, ही नगरपालिकेची अपेक्षा. आमचे फोन झाले चार. लगेच मालकाची नोटीस आली.

नोटीस घेऊन मी लॉ कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात गेलो. तिथं विद्यार्थी तुमची केस लढवतात. मागे त्यांच्या प्राध्यापक बाई बसलेल्या असतात, पण बोलतात पोरंच. मला दोघं मिळाली. रेनाटा वोइचिक ही सरळ पट्टीसारखी मुलगी. मी स्टर्जनची गोष्ट सांगितली तर म्हणाली, “मिस्टर टगल, दोन इंच पाणी उतरायला तो मासा अख्ख्या जिल्ह्याएवढा लागेल.” दुसरा टोबी लॅथ्रप. तो टेबलावर हात आपटून हसला आणि म्हणाला, “कॅप्टन, मग त्याचं कालवण किती जहाजांना पुरलं?” त्या दिवसापासून टोबी माझा. जहाजावर मला कुणी कधी कॅप्टन म्हटलं नव्हतं. ‘ए, रस्सा’ म्हणायचे.

रेनाटानं पहिल्याच भेटीत दार लावून घेतलं. “तुम्ही इथं जे सांगाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. पण कोर्टात शपथेवर खोटं बोललात, तर ते मला न्यायाधीशांना सांगावं लागेल.”

“सख्ख्या अशिलाबद्दल?”

“सख्ख्या आजीबद्दलसुद्धा सांगेन.”

दार लावलेलं होतं, म्हणून मी चौथ्या फोनचं सांगितलं. पहिले तीन खरे होते. त्यात व्हर्नेल निळी पडली होती. चौथा मार्चातला, शुक्रवारचा. लिफ्ट नऊ दिवस बंद होती आणि मालक फोन उचलत नव्हता. व्हर्नेल नऊ दिवस खिडकीतून पार्किंग बघत बसलेली. त्या संध्याकाळी पोलिश चर्चमध्ये उपवासाच्या दिवसांतलं तळलेल्या माशांचं जेवण होतं. ते तिनं एकतीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. मी फोन केला, तिच्या छातीत दुखतंय म्हणालो. दोन धडधाकट पोरांनी तिला खुर्चीत बसवून, तीन मजले उतरवून, फुलासारखं खाली आणलं. खाली आल्यावर ती म्हणाली, “आता बरं वाटतंय रे बाळांनो.” कागदावर सही करून आम्ही मासे खायला गेलो.

टोबीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. रेनाटानं पेन खाली ठेवलं. “हे कुणालाच सांगू नका,” ती म्हणाली.

या पोरांची एक पद्धत आहे. खऱ्या सुनावणीआधी सराव करतात. त्यात आपल्यातलाच एक जण शत्रू होतो आणि आपल्याच केसच्या चिंध्या करतो, म्हणजे उद्या शत्रू काय करेल ते आधी कळतं. टोबी शत्रू झाला. त्यानं मालकाच्या बाजूनं बारा पानांचा लेखी युक्तिवाद लिहिला. चौथा फोनही त्यात घातला, कारण सरावात काही राखून ठेवायचं नसतं. शेवटी तो उभा राहून म्हणाला, “दया म्हणजे लिफ्ट नव्हे, प्रत्येकाला खाली आणून सोडायला.” मी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या विरुद्ध वाजवल्या, पण वाक्यच तसं होतं.

रेनाटा त्याला म्हणाली, “तू विरुद्ध बाजूनं जास्त चांगला बोलतोस.”

“जळू नकोस, वोइचिक.”

सराव झाल्यावर ते कागद फाडायचे असतात. रेनाटानं तिची प्रत माझ्यासमोर फाडली.

सुनावणीला कोर्ट भरलं होतं. रेनाटानं सुरुवात अशी केली की न्यायाधीश चष्मा काढून ऐकू लागले. आजारी माणसानं मदत मागणं हा त्याचा हक्क आहे, आणि हक्क बजावला म्हणून कुणाला घराबाहेर काढता येत नाही. व्हर्नेल माझ्या कानात म्हणाली, “ही पोरगी बोलतेय की इस्त्री करतेय?” आम्ही जिंकत होतो. मालकाकडून वकिलांच्या एका मोठ्या कंपनीतली वकीलबाई आली होती, मऊ आवाजाची. तिनं मला साक्षीला घेतलं. तीन फोनांबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही.

“मिस्टर टगल, मार्चातल्या त्या शुक्रवारी ॲम्ब्युलन्सनं तुमच्या पत्नीला खाली आणल्यावर तुम्ही कुठं गेलात?”

मी आधी रेनाटाकडे बघितलं. देवाशपथ, माझा पहिला संशय तिच्यावर गेला. जी हसत नाही तिनंच सांगितलं असणार. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. मग टोबीकडे बघितलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता, आणि त्याचं पेन हलत नव्हतं.

थाप माझ्या जिभेवर तयार होती, अगदी लोणकढी. पाद्री होता तीत, ऑक्सिजनची नळी होती, एक चमत्कारही होता. तशी थाप मी आयुष्यात दुसरी रचली नसेल. पण रेनाटाला ती न्यायाधीशांना सांगावी लागली असती, आणि त्या पोरीनं ती सांगितलीच असती. मी थाप गिळली. तेवढ्यात बाकावरून व्हर्नेलचा आवाज आला, “पर्च मासा होता. आणि कोबीची कोशिंबीर. खोटं बोलू नकोस, म्हाताऱ्या, बायबलवर हात आहे तुझा.”

न्यायाधीशांनी तिला गप्प बसायला सांगितलं, पण मऊपणानं. मग मी सगळं खरं सांगितलं.

निकाल त्याच दिवशी लागला. पहिले तीन फोन मोजायचे नाहीत, न्यायाधीश म्हणाले, आजारी माणसानं मदत मागितली तर त्यात उपद्रव कसला. पण चौथा खोटा, आणि खोटा फोन केला तर घर रिकामं करावं लागेल असं भाडेकरारातच लिहिलंय. तीस दिवस. लिफ्टबद्दल मालकाला ताकीद मिळाली. ताकीद तो जेवणाबरोबर लोणच्यासारखी खातो.

बाहेर रेनाटा वकीलबाईनं त्या दिवशीच कोर्टात दिलेला लेखी युक्तिवाद उभ्याउभ्याच वाचत होती. सातव्या पानावर ती थांबली आणि मोठ्यानं वाचलं, “दया म्हणजे लिफ्ट नव्हे.” पुढचे शब्द तिला पाठ होते.

टोबी भिंतीला टेकला. “उन्हाळ्याच्या नोकरीसाठी अर्ज केला होता,” तो म्हणाला. “लिखाणाचा नमुना मागतात. माझ्याकडे तेवढंच चांगलं होतं. नावं काळी केली होती मी.”

“ॲम्ब्युलन्सनं मासे खायला गेलेली माणसं या शहरात किती आहेत, टोबी?” रेनाटानं विचारलं.

“सहा कंपन्यांना पाठवलं होतं.”

“ही कंपनी मालकाची केस लढवतेय हे माहीत होतं?” हे मी विचारलं.

तो माझ्या बुटांकडे बघत बोलला. “यादीत नाव दिसलं होतं, कॅप्टन. वाटलं, तिथं शंभर वकील आहेत, नेमकं कोण वाचणार.”

“नोकरी मिळाली?”

“मिळाली.”

व्हर्नेलनं माझी बाही ओढली. “चल,” ती म्हणाली, “उभं राहवत नाही मला.”

आम्ही तिच्या भाच्याच्या तळघरात राहायला गेलो. रेनाटा दर आठवड्याला यायची, अपिलाचे कागद घेऊन. तिनं टोबीची तक्रार केली होती आणि मला तसं सांगूनही टाकलं होतं. वकिलीची सनद देण्याआधी एक समिती उमेदवाराचं चारित्र्य तपासते. ती समिती आता मला विचारणार होती.

समितीचं पत्र यायच्या आधी टोबी आला. नव्या सूटमध्ये, हातात एक कागद. माझी गोष्ट वापरायला मी त्याला आनंदानं परवानगी दिली होती, असं त्यावर लिहिलेलं. तारीख फेब्रुवारीची.

“फेब्रुवारीत तर तो चौथा फोन झालाच नव्हता,” मी म्हणालो.

त्यानं कागदाकडे बघितलं, खिशातून पेन काढून तारीख खोडली, मे केली. “एवढंच, कॅप्टन. एक सही. नाहीतर तीन वर्षं पाण्यात जातील माझी. आणि तुम्ही तर दिवसाला दहा थापा मारता.”

“मारतो.”

“मग ही अकरावी.”

मी त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं. “टोबी,” मी म्हणालो, “माझ्या थापेनं आजवर एकच घर गेलं, आणि ते माझं होतं. त्याबद्दल मी कोर्टात उभा राहून बोललो. ही थाप तुझी आहे. ती माझ्या तोंडून बाहेर येणार नाही.”

“मग समितीला काय सांगणार?”

“झालं ते. तिखट-मीठ न लावता.”

माझ्या तोंडून असं काही येईल हे त्याला खरंच वाटत नव्हतं. तो हसू आणून बघत राहिला. पुढं काहीतरी मजेदार येईल, मी डोळा मारेन, म्हणून थांबला. मी डोळा मारला नाही. त्याचा कागद घडी करून त्याच्या हातात दिला.

तळघरातून वर जायला सहा पायऱ्या आहेत. व्हर्नेलला त्या एकटीला चढता येत नाहीत. ती पहिल्या पायरीशीच खुर्चीत बसली होती, म्हणून त्याला तिला वळसा घालून जावं लागलं. “सांभाळून जा रे बाळा,” ती म्हणाली. तो तिच्याकडे न बघता वर गेला.