शून्यावर आणलेला आकडा

मित्रांनो, केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा ठिणगीने वितळवून जोडायच्या, हे माझं काम. घरोघरी इंटरनेट पोचवणाऱ्या फायबरची मी एक जुनी जोडमशीन आहे. आज नवीन जालन्यातल्या एका ठेकेदाराच्या फळीवर धूळ खात पडले आहे. माझी कीव मात्र करू नका. माझी गोष्ट ऐकून तुम्हीच मला नावं ठेवाल.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या पोटात सुईसारखी दोन टोकं होती. त्यांच्यामधून ठिणगी उडायची आणि दोन तारांची एक तार व्हायची. जोड कसा झाला, याचा आकडा मी पडद्यावर दाखवायची. मी ठेकेदाराकडे तारा जोडणाऱ्या धम्मपालच्या हाती पडले. राजूरकडच्या गावांत त्याने माझ्याकडून शेकड्यांनी जोड करून घेतले. तिथे घरोघरी दीप्तिपथ कंपनीचे इंटरनेटचे खोके बसले आणि त्यांवर हिरवे दिवे लागले. एका सरपंचांनी मला हातात घेऊन फोटो काढला, तेव्हा मी फुगून गेले होते.

तीन हजार जोड झाले की टोकं बदला, अशी सूचना माझ्या पडद्यावर येते. ती आली तेव्हा जाफराबादकडचं काम अंगावर होतं आणि नवी टोकं यायला आठ दिवस लागणार होते. धम्मपालने दोन बटणं दाबून जोडांच्या मोजणीचा आकडा सरळ शून्यावर आणला. खरं सांगते, मला ते आवडलं. पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. टोकं काळी पडली, जोड कच्चे होऊ लागले, तरी मी पडद्यावर चांगलेच आकडे दाखवत राहिले. त्या गावांत किरणमार्ग या दुसऱ्या कंपनीचे खोके होते. महिन्याभरात त्यांचे दिवे लाल झाले आणि सगळ्यांनी खोक्यांना शिव्या घातल्या.

धम्मपालची आत्या, कौसल्याबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची मुलगी दीपमाला दातांची डॉक्टर. तिला स्वतःचा दवाखाना काढून द्यायचा म्हणून निवृत्तीचे पैसे त्या शेअरमध्ये घालणार होत्या. याच दोन कंपन्यांची तुलना त्यांनी वर्षभर वहीत मांडली होती. दीप्तिपथची निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकाला, तर किरणमार्गची गिऱ्हाइकं अनेक. वहीचा कौल किरणमार्गला होता. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी भाच्याला विचारलं.

“आत्या, किरणमार्गचं नाव काढू नको,” धम्मपाल म्हणाला. “मी रोज त्यांचेच खोके बदलून राह्यलो.”

मी तेव्हा त्याच्या पिशवीतच होते. कौसल्याबाईंनी वहीतल्या कौलावर काट मारली आणि सगळे पैसे दीप्तिपथमध्ये घातले.

वर्ष उलटायच्या आत दीप्तिपथचं ते मोठं गिऱ्हाईक तुटलं आणि भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला. किरणमार्ग चढतच राहिली. दीपमाला अजून दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करते. त्याच सुमारास ठेकेदाराने नवी मशीन आणली. तिने जाफराबादकडचे माझे जोड कापून पुन्हा केले, तर सगळे लाल दिवे हिरवे झाले. एकही खोका बदलावा लागला नाही.

धम्मपाल मला घेऊन आत्याच्या घरी गेला. त्याला मान वर करवत नव्हती.

“खोके चांगलेच व्हते, आत्या. आमचे जोड खराब व्हते. टोकं तीन हजार जोडांवर बदलायची व्हती, बदललीच नाही.”

 कौसल्याबाईंनी माझं झाकण उघडून ती काळी टोकं पाहिली आणि मला चालू करायला सांगितलं. “किती जोड केले हिनं?” त्यांनी विचारलं.

 माझा पडदा लखलखीत होता. खरे जोड चार हजारांवर गेले होते आणि मी त्यांना बाराशे चाळीस दाखवत होते. तीस वर्षं मुलांची गणितं तपासलेल्या त्या बाईंनी आकडा वाचला, टोकांकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

“माझी वही बराबर व्हती रे,” एवढंच त्या म्हणाल्या. मला तेव्हा विझून जावंसं वाटलं.

मित्रांनो, यंत्रांची टोकं वेळेवर बदला. आकडा पुसून आमचे लाड करू नका. आणि कुठे लाल दिवा दिसला, तर दुसऱ्याच्या खोक्याला बोल लावण्याआधी आपला जोड उघडून पाहा. मला आता कुणी चालू करत नाही. केलं तर सगळ्यात आधी बाराशे चाळीसच दिसेल, आणि खरा आकडा आता मलाही दाखवता येणार नाही.