टेकडीवरचं बाकडं

लेस्टर टायडेनला जाऊन वर्ष झालं आणि गावाला त्याच्या नावाचं बाकडं बसवायची हुक्की आली. आयोवात हे असंच चालतं. माणूस गेला की काउंटीच्या पार्कात त्याच्या नावाचं बाकडं येतं. जिवंतपणी ज्याला कुणी बस म्हटलं नाही, त्याच्याही नावाचं.

लेस्टरने अर्धं आयुष्य त्या पार्कातल्या टेकडीपायी घालवलं होतं. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, पण या टेकडीला कधी नांगर लागला नव्हता. वर अजून मूळचं माळरान होतं, पुरुषभर उंच गवताचं. दर वसंतात लेस्टर आणि त्याची बायको आर्डिस चार स्वयंसेवकांना घेऊन, रीतसर परवानगी काढून ते गवत पेटवत. तसं केलं नाही तर झुडपं वर चढतात आणि माळ मरतो. गावात नव्याने आलेले लोक मात्र धूर दिसला की धावत बंब बोलावत.

बाकडं नेमकं टेकडीच्या माथ्यावर बसणार होतं. बाकडं आलं म्हणजे तिथवर रस्ता आला, रस्ता म्हणजे सिमेंट, आणि सिमेंट ओतायचं म्हणजे टेकडी मधोमध खणायची. लेस्टरची बहीण डार्ला हिने चर्चमध्ये पॅनकेकची न्याहारी ठेवून वर्गणीही जमवली. आर्डिसने तिला दोनदा नको म्हणून सांगितलं. सगळ्यांना वाटलं, बिचारी संकोचाने म्हणते आहे. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि सिमेंटवाल्याला फोन लावला. बाई विधवा झाली की तिच्या रागालाही लोक दुःखच समजतात, याचा आर्डिसला मनस्वी संताप यायचा.

मार्चमध्ये पार्क मंडळाची सभा भरली. अध्यक्ष होता गेलन हुकस्ट्रा. लहानपणी तो आर्डिस चालवत असलेल्या बसमधून शाळेला जायचा, त्यामुळे अध्यक्ष झाला तरी त्याच्या तोंडून मिसेस टायडेनच निघे आणि ती त्याला अरेतुरे करी. त्याने लेस्टरचं कौतुक केलं, रस्त्याचा नकाशा दाखवला. आर्डिस बोलायची परवानगी न मागताच उठली.

"गेलन, टेकडी खणायची नाही."

"मिसेस टायडेन, लेस्टरसाठीच तर करतोय आम्ही."

"लेस्टरने तिथे कधी साधी खुंटी ठोकू दिली नाही कुणाला. म्हणे लेस्टरसाठी."

मंडळातल्या पाचही जणांनी नकाशात डोकं घातलं. पहिल्या रांगेतल्या डार्लाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. तिचं भावावर खरंच प्रेम होतं, आणि पंचाईत तीच होती.

"माझ्या भावाची एखादी जागा नको का, आर्डिस? त्याला कबरसुद्धा नाही. राख घेऊन तू कपाटात ठेवलीस."

"कपाटात नाहीये तो."

आर्डिसला हे कुणालाच सांगायचं नव्हतं. पार्कात अस्थी टाकायला बंदी होती, आणि हा नियम लोकांना ऐकवण्यात लेस्टरच सगळ्यांच्या पुढे असे. पण आता तिची भीड चेपली होती.

"गेल्या एप्रिलमध्ये टेकडी पेटवली, त्या दिवशी मी त्याला वर नेलं," ती म्हणाली. "पोरं खाली पाण्याच्या टाक्या भरत होती. गवत जळून गेलं होतं, राख अजून गरम होती. त्या राखेत मिसळलं त्याला. या हातांनी."

गेलनने घसा खाकरला. "हे नियमाविरुद्ध आहे, मिसेस टायडेन."

"ठाऊक आहे. लाव दंड. आणि त्या मातीतलं गवत कुठलं, लेस्टर कुठला, ते आधी निवडून काढ. मग खुशाल सिमेंट ओत."

डार्ला नणंदेच्या हक्काने भांडायला उठली होती, ती तशीच उभी राहिली. तिला वर्षभर अंधारात ठेवलं होतं आणि ते तिच्या वर्मी लागलं होतं.

"वर नेमकं कुठे आहे तो?" तिने विचारलं.

"सगळीकडे."

डार्लाने डोळे पुसले. मग ती जाऊन आर्डिसच्या शेजारी उभी राहिली आणि तिने मंडळाकडे तोंड वळवलं.

"माझ्या भावावर फावडं घालायचंय ज्याला, त्याने हात वर करावा," ती म्हणाली. "मला बघू दे."

एकही हात वर आला नाही.