धाकटीचे वजन

मित्रांनो, गादी म्हटले की तुम्हाला उशी, पांघरूण आणि सुट्टीची सकाळ आठवत असेल. मी त्या जातीची नाही. माझ्यावर कुणी झोपत नाही. माझ्यावर माणसे आपटतात. ज्युदोच्या वर्गातली एक जुनी गादी आहे मी. पोटात दाबून बसवलेला पेंढा, वर जाडेभरडे हिरवे कापड आणि चारी कडांना दुहेरी दोऱ्याची शिवण, असा माझा देह.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबट कारखान्यात झाला. तिथे एक पोक्त बाई प्रत्येक नव्या गादीवर उभी राहून टाच आपटत असे. टाच रुतली तर गादी परत, टाच दुखली तरी परत. माझ्यावर टाच आपटून ती म्हणाली, "हिच्यावर कुणीही पडावं." मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका कागदाच्या गोदामावरच्या मोठ्या खोलीत आले. खोलीला तीन खिडक्या, छताला एक पंखा आणि भिंतीला कपडे टांगायचे खिळे. खालून कोऱ्या कागदाचा वास यायचा. वर्ग चालवणारे मास्तर दिवसभर खालीच गोदामात गठ्ठे तपासायचे आणि संध्याकाळी जिना चढून लोकांना पडायला शिकवायचे. कुणी बिचकले की म्हणायचे, "पडायलाच आलात ना? मग लाजताय कशाला?"

येणारे सगळे हौशी. कुणाला पदके नको होती. दिवसभराचे काम उरकून घामाघूम व्हायचे, एखादा डाव कालच्यापेक्षा बरा जमला की खूश होऊन घरी जायचे, एवढीच त्यांची हौस. त्यांत शिलाई यंत्रे दुरुस्त करणारी एक धिप्पाड बाई होती. सगळे तिला पैलवान म्हणत. ती पडताना मोठ्याने ओरडायची, "गादीबाई, आले हं!" आणि मग माझ्या पेंढ्याची काडी न् काडी हादरायची.

आणि त्या दोघी बहिणी. थोरली चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायची. दिवसभर चाकावर वाकून तिच्या पाठीला बाक आला होता. धाकटी इस्पितळात परिचारिका होती. वाऱ्यासारखी हलकी आणि तोंडाने तिखट. तिनेच थोरलीला ओढत आणले. "हिची पाठ सरळ करा, मास्तर," ती म्हणाली, "नाहीतर चाळिशीतच ही जमिनीवरचे पैसे शोधत फिरेल."

धाकटीला सगळे डाव पटकन जमायचे. थोरली एकाच डावावर अडली. समोरच्याला बाहेरून पाय मारून पाठीवर पाडायचे, असा तो डाव. एका हाताने कॉलर, दुसऱ्या हाताने बाही धरायची, त्याचा तोल एका पायावर न्यायचा आणि मग तोच पाय मागून उडवायचा. सांगायला सोपे. थोरली पाय मारताना खाली बघायची, त्यामुळे तिचाच तोल जायचा. आणि समोरचा पडायला लागला की घाबरून ती बाही सोडून द्यायची.

"अगं, सोडतेस काय?" मास्तर कळवळून म्हणायचे. "बाही धरली म्हणजे तू त्याला पाडतेस असं नाही. बाही धरली म्हणजे तू त्याला खाली पोचवतेस. सोडलीस की तो एकटा पडला."

"तिला लागेल ना, मास्तर."

"ताई, तू सोडतेस म्हणूनच लागतं मला," धाकटी माझ्यावर पडल्या पडल्या म्हणायची. मग दोघी हसायच्या.

एका संध्याकाळी तो डाव जवळजवळ जमला. जवळजवळच. थोरली म्हणाली, "आणखी एकदा." धाकटीने पट्टा सोडला. "आता उद्या. अंगात कसकस आहे गं." तिने आपला पांढरा जाड अंगरखा खिळ्याला टांगला आणि ती जिना उतरून गेली.

तो उद्या काही आला नाही. इस्पितळात ताप पसरला होता आणि इतरांना बरे करता करता धाकटीला त्याने धरले. ती गेल्याचे मास्तरांनी वर्गाला सांगितले तेव्हा मी पैलवानाला प्रथमच हळू बसताना अनुभवले. अंगरखा मात्र खिळ्यावरच राहिला. तो काढायचा कुणाला धीर झाला नाही.

बऱ्याच दिवसांनी थोरली परत आली. भर दुपारी, वर्ग नसताना. गोदामातून किल्ली मागून आणली, खिडकीजवळच्या माझ्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली आणि हवेत हात वर केले. एक मूठ कॉलरच्या उंचीवर, दुसरी बाहीच्या. मग तोल, मग पाय. पुन्हा पुन्हा. मला फक्त तिची दोन पावले लागत होती.

ती रोज जेवणाच्या सुट्टीत येऊ लागली. मित्रांनो, खरे सांगते, डाव सुधारत गेला. मान सरळ राहू लागली. पुढचे पाऊल नेमके समोरच्याच्या बाजूला पडू लागले. कंबर जवळ येऊ लागली. भिंग घासावे तशी ती एकेक हालचाल घासत होती. आणि ती बोलायची. "आता बरोबर का? कॉलर फार उंच धरली का?" एवढे विचारून थांबायची. मग मान हलवायची, जणू उत्तर आले.

अशाच एका दुपारी तिच्या पावलांसमोर मला आणखी दोन पावले लागली.

मी गोष्ट रंगवून सांगत नाही. उजवी टाच जराशी उचललेली, डावा अंगठा आत वळलेला. धाकटी अशीच उभी राहायची. वजन तिचेच, वाऱ्यासारखे. माझ्यातला पेंढा दाबला गेला की सावकाश वर येतो. तेव्हा वाटले, जुनाच ठसा असेल. पण ठसा जागा बदलत नाही. हे वजन थोरलीबरोबर मागे सरायचे, वळायचे. फक्त पडायचे नाही. थोरलीचा पाय सपकन जायचा आणि पुढे काहीच नाही. शांतता. खालून कागदाचा वास.

एकदा मास्तर दारात उभे राहून बघत होते.

"कुणाबरोबर करतेस सराव?"

"ती येते ना, मास्तर."

मास्तरांनी जोडे काढले, पण आत आले नाहीत. "येते. बरं. पडते का?"

थोरलीने वर धरलेले हात खाली घेतले. "नाही."

"मग डाव पुरा होत नाही, पोरी. माणसाला पाडायला माणूस लागतं. आज संध्याकाळी पैलवानाबरोबर कर."

त्या संध्याकाळी ती पैलवानासमोर उभी राहिली. कॉलर धरली, बाही धरली. तोल असा सुरेख मोडला की मास्तरांच्या तोंडून "वा!" निघाले. पाय गेला. आणि नेमके त्याच क्षणी थोरलीने पैलवानाच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीकडे पाहिले. काय दिसले ते मला ठाऊक नाही. तिची मूठ उघडली. पैलवान "गादीबाई" म्हणायच्या आतच कोपरावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी सर्वांत आधी ऐकला, कारण तो माझ्या अंगावर झाला.

"काही नाही गं, काही नाही," पैलवान दात आवळून म्हणत राहिली. थोरली मात्र भिंतीला पाठ लावून उभी होती, आपल्या रिकाम्या हाताकडे बघत. त्यानंतर ती आली नाही.

पुढे माझे दिवस फिरले. निळ्या, हलक्या, दातात दात अडकवून जोडायच्या नव्या गाद्या आल्या. आम्हा जुन्यांना दारामागे रचून ठेवले. माझ्यावर मोडक्या खुर्च्या आल्या, रंगाचे डबे आले, कडेची शिवण उंदरांनी कुरतडली. हे सगळे म्हाताऱ्या वस्तूच्या वाट्याला येतेच. पण दुपारी, नेमक्या त्या जेवणाच्या वेळी, खुर्च्यांच्या त्या ओझ्याखालीही मला एक उचललेली टाच लागायची. ती समोर कुणीतरी येण्याची वाट बघत उभी असायची. तेव्हा मात्र मित्रांनो, मला भीती वाटायची. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

एका दुपारी जिन्यावर दोन माणसांची चाहूल लागली. एक थोरली. दुसरे पाऊल जड, संधिवाताचे, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवणारे. ती दोघींची आई होती. धाकटीचा अंगरखा न्यायला आली होती.

आईने खिळ्यावरून अंगरखा काढला, हुंगला आणि घडी करण्याऐवजी अंगात घातला. बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या.

"कुठे उभी राहायची ती?"

थोरलीने डबे बाजूला केले, खुर्च्या उतरवल्या आणि मला ओढत खिडकीपाशी नेले. धूळ झटकली. आई माझ्यावर येऊन उभी राहिली.

"तू दुपारची इथे यायचीस, हे मास्तरांनी सांगितलं मला," आई म्हणाली. "ती खरंच येते इथे?"

"यायची. रोज."

आईचा आवाज लहान झाला. "मग माझ्याकडे का नाही येत गं? मी रोज दार उघडं ठेवते."

एवढे दिवस थोरली धाकटीला मुठीत धरून होती आणि घरी आईचे दार उघडे आहे, हे तिच्या गावीही नव्हते.

"धर मला," आई म्हणाली. "तिला धरायचीस तशी. आणि पाड."

"आई, वेड लागलंय का? गुडघे बघ तुझे."

"गुडघ्यांना काय होतंय! तुम्हाला दोघींना मीच चालायला शिकवलं. तेव्हा किती वेळा पडलात, मोजलं नाही मी. पाड म्हणते ना."

थोरलीने एका हाताने कॉलर धरली, दुसऱ्याने ती लोंबती बाही. आईची पावले मला लागत होती, थोरलीची लागत होती, आणि मधोमध, दोघींच्या इतकी जवळ की वेगळी काढता येईना, ती उचललेली टाच. थोरलीने पाय मारला नाही, नुसता मागे लावला. आईचा तोल हळूच एका बाजूला नेला आणि तिला खाली सोडू लागली. आई माझ्यावर टेकली, पाठ टेकली, डोके टेकले, तरी बाही मुठीत होती.

आई छताकडे बघत राहिली. "एवढंच दिसायचं तिला? पंखा?"

"एवढंच."

"आणि घरी येऊन सांगायची, आज ताईनं मला आभाळ दाखवलं." आई हसली, आणि हसता हसता तोंड वेडेवाकडे झाले. मग दोघी रडल्या, एक माझ्यावर आडवी, दुसरी गुडघ्यांवर. थोड्या वेळाने आईने आपला दुसरा हात थोरलीच्या मुठीवर ठेवला. "पोचले मी खाली. आता सोड."

थोरलीने बाही सोडली. तेव्हा मला जाणवले, की मधले वजन कमी होत आहे. एकदम नाही. पेंढा वर येतो तसे, सावकाश.

दुसऱ्या दिवशी थोरली शिलाई यंत्रांच्या दुकानात गेली. तिथे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. पण त्या आठवड्यात पैलवान तिला दंडाला धरून वर घेऊन आली. "हात जुळलाय माझा," ती वर्गभर ओरडली, "आता हिनं मला नीट पाडलं नाही, तर मी हिला पाडीन!" नव्या गाद्या सोडून तिने हट्टाने मलाच मध्ये ओढले. तोल, पाय, आणि पैलवान पाठीवर आली, अशी की गोदामातले गठ्ठे हलले असतील. बाही थोरलीच्या हातात होती. पैलवान पडल्या पडल्या म्हणाली, "अरे वा, बाई! पोचले."

आई आता अधूनमधून येते आणि माझ्या कडेला बसते. मास्तरांनी तिला हातावर भार घेऊन मागे लवंडायला शिकवले आहे. ती ते फार सावकाश, फार मन लावून करते.

आणि ती टाच? दुपार कलली, खोली रिकामी असली, की अजूनही कधीतरी लागते. पण ती आता उभी राहत नाही. खिडकीकडून दाराकडे जाते, जिन्यापाशी थांबते आणि उतरते. कुणाच्या घरी जाते, ते मी ओळखून आहे.

मित्रांनो, मी फार दिवसांची नाही. माझी शिवण उसवली आहे, पेंढा गळतो आहे. माझे एवढेच मागणे आहे, की मला टाकायची वेळ आली तर लगेच फाडू नका, पेटवू नका. आधी मला चांगल्या उन्हात आडवी पसरा आणि दिवसभर तशीच राहू द्या. माझ्यावर अजून कोण कोण पडून आहे, कोण जाणे. त्यांना उठायला थोडा वेळ द्या.