रुमालाबाहेरचा कौल

हिंगणघाटच्या कापूस बाजारात हेमराजजींच्या शब्दाला वजन होतं. चिमूटभर कापूस बोटांत ओढून ते मालाची प्रत सांगत, आणि एकदा सांगितलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नसत. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा कापूस त्यांनी हलका ठरवला. मेव्हणा वर्षभर बोलला नाही. "नाई बोलला तं नाई," हेमराजजी म्हणत, "कापूस तं पिवळाच होता ना!"

असा हा माणूस २००४ सालच्या त्या रविवारी सकाळी स्वतःच्याच बैठकीत घामाघूम होऊन बसला होता. कारण आज माल लेकीचा होता.

भाचा निशांत अमेरिकेहून सुट्टीवर आला की उंची जर्मन हेडफोन आणि सोबत त्यांचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा. ते हेडफोन सीडी प्लेअरला थेट जोडले तर मरगळल्यासारखे वाजत. मध्ये ताकद द्यायला अ‍ॅम्प्लिफायर लागायचाच. गेल्या सुट्टीत लेकीनं, अंजूनं तो ऐकला आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास सांभाळत, वर्षभर खपून, स्टीलच्या डब्यात आपला स्वतःचा बांधला.

"बाबा, कोनता चांगला थे तुमीच सांगा," ती म्हणाली. "पन खरं सांगजा. कॉलेजातले समदे नुसते वा वा करतेत."

निशांतनं दोन्ही यंत्रं अंजूच्या आईच्या, शोभाबाईंच्या लुगड्याखाली झाकली आणि दोन्हींचा आवाज सारखा केला.

"कौल रुमालाखाली देईन, पयल्याले एक बोट, दुसऱ्याले दोन," हेमराजजी म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या काळी दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. कोणाचा माल पडला ते चारचौघांत कळत नसे. लेकीची फजिती भाच्यासमोर कशाला!

तबल्याची सीडी लागली. पहिल्या यंत्रावर दोन थापांमधली जागा स्वच्छ होती. दुसऱ्यावर थाप तितकीच दमदार, पण मधल्या जागेत बारीक घुरघूर, लांबवर सरकी काढणारी जिनिंग गिरणी चालू असावी तशी. ऐकताना हेमराजजींची बोटं सवयीनं कापूस ओढत होती. अंजूचे आवळलेले ओठ पाहून दुसरं यंत्र तिचं, हे त्यांनी ओळखलं. दोन बोटं दाबली तर कोणाचं काय जाणार होतं?

रुमालाखाली त्यांनी लेकीचं एकच बोट दाबलं. पहिला.

अंजूनं हात ओढून घेतला नाही. "काय खटकलं, बाबा?"

"मंधात घुरघूर करून राह्यलं."

"ट्रान्सफॉर्मर!" तिनं कपाळावर हात मारला. "एकाच डब्यात कोंबला म्या!"

दुपारपर्यंत ती सोल्डरिंगचे डाग देत बसली. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून तिनं दुसऱ्या डब्यात, हातभर लांब ठेवला. निशांतनं यंत्रांची अदलाबदल केली की नाही ते न सांगता पुन्हा लुगडं टाकलं.

हेमराजजींनी ऐकलं. "परत लाव." परत ऐकलं. पुन्हा एकदा. बोटं थांबली.

अंजूनं रुमाल पुढे केला. त्यांनी तो खिडकीकडे भिरकावला आणि इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारचे प्रभाकरराव फाटकात येऊन उभे राहिले.

"रुमाल कायले पायजे? एकाच वेचणीचा कापूस हाय दोन्ही! फरक सापडत नाई मले! आयकलं का प्रभाकरराव, माह्या पोरीनं बनवलं हे!"

"पण मामा, यातलं तिचं कुठलं?" निशांतनं हसत विचारलं.

"थेच तं समजून नाई राह्यलं ना, म्हनून तं वरडून राह्यलो!"

दारात उभ्या शोभाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या भावाच्या कापसाले असं बोलले असते तं!"

"त्याचा पिवळाच होता."

सगळे हसले. अंजू सर्वांत मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मामाचा कापूस त्या दिवशी बाबांनी पांढरा म्हटला असता, तर आजचं हे ओरडणं तिनं खरं मानलं असतं का?